वरचा ओठ उचलताना

तुमच्या घरात वर्षा-दीड वर्षाचं मूल आहे का? असेल तर सांगा, त्याचा वरचा ओठ बोटानं उचलून आत तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

काजळ रोज घातलं असेल. टाळू भरली असेल. दृष्ट काढली असेल. ओठ मात्र उचलला नसेल. सात वर्षं मी गावोगावी हा एकच प्रश्न विचारते आहे आणि सात वर्षं लोक हसून एकच उत्तर देतात, "दुधाचे दात, पडणारच की." नखंही कापायचीच असतात, म्हणून कोणी बोट कुजू देत नाही.

मी दंतवैद्य नाही. दात तपासणं, साफ करणं, लेप लावणं आणि लोकांना समजावणं याचं दोन वर्षांचं शिक्षण घेतलेली कामगार आहे. एका संस्थेची दातांची गाडी आहे, ती बेळगावातून निघते आणि कंग्राळीपासून निपाणीपर्यंत, मधूनच जांबोटीच्या बाजूलाही फिरते. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस गाडीत असतात. उरलेले दिवस मी आणि ड्रायव्हर बसवराजअण्णा. लोक मला "दातवाली आक्का" म्हणतात. दिवसभर माणसांत असते, तरी हे काम एकटीचं आहे. माझ्यासमोरच्या प्रत्येकाचं तोंड उघडं असतं आणि त्यामुळेच त्याला माझ्याशी बोलता येत नाही. संध्याकाळी अनगोळच्या खोलीत परतते, कुलूप काढते, तेव्हा लक्षात येतं की आज आपण शेकडो वाक्यं बोललो आणि आपल्याशी कोणी बोललं नाही.

हा स्वभाव, म्हणजे एकटीनं बोलत राहण्याचा, मला आप्पांकडून मिळाला. आप्पा निपाणीत एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. विडी वळणाऱ्या बायकांच्या सभेची, तंबाखूच्या वखारीतल्या धुळीविरुद्धची, मोर्चाची. फसलेल्या छपाईच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. आप्पा म्हणायचे, "पत्रकात आवाज बारीक करायचा न्हाई. ज्याचं चुकलंय त्याला कळलं पायजे की हे त्याच्याबद्दल हाय." मी ते वाक्य वेदवाक्य मानलं. आप्पा गेले, छापखाना बंद झाला, वाक्य माझ्याकडे राहिलं.

पहिल्यांदा ते उपयोगीही पडलं. कंग्राळीत एक म्हातारी नातवाच्या हिरड्यांना मिश्री चोळायची. दात येताना हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिरतं, लाळ गाळतं, मिळेल ते चावतं. त्यावर खरा उपाय साधा आहे. स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळून हिरडी हलके चोळायची, थंड पाण्यातून काढलेलं फडकं चावायला द्यायचं, बस्स. म्हातारीचा उपाय भाजलेल्या तंबाखूचा होता.

"मिश्री लावली की पोर गप झोपतंय बघ," ती म्हणाली.

"आज्जी, झोपत नाही ते. गुंगीत जातंय. तंबाखू आहे ती."

"मग मी काय साठ वर्सं गुंगीत हाय व्हय गं?"

बायका खदखदल्या. मी म्हटलं, "दात दाखवा बरं." तिनं आ केला. तीन दात होते.

"बाकीचे झोपल्यात," ती म्हणाली. "ह्ये तीन जागं हैत."

मी त्यावर पत्रक लिहिलं, छापलं, गावभर वाटलं. पुढच्या फेरीला म्हातारी स्वतः गाडीपाशी आली. "पोराला न्हाई लावत आता. माझी सोडायला सांगू नको, मी ऐकायची न्हाई." माझ्यासाठी तो मोठा विजय होता. त्या विजयानं माझं डोकं बिघडलं असं आज म्हणते.

आता निपाणीजवळच्या एका गावाची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. बाईचं नावही बदललं आहे, तिला मी सुमन म्हणते. तिच्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा मी अशी काळजी घेतली नव्हती.

दत्तजयंतीच्या सुमाराला गाडी त्या गावच्या चावडीसमोर लागली होती. दहा-बारा बायका पोरांना घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांत कडेला सुमन. कडेवर अकरा महिन्यांची मुलगी, मुलीच्या तोंडात दुधाची बाटली. बाकीची पोरं रडत होती, खिदळत होती, एकमेकांचे केस ओढत होती. ही एक मुलगी शांत. बाटली तोंडातून निघतच नव्हती. निसटली की सुमन लगेच परत लावायची.

बाटलीबद्दल दोन शब्द सांगते. दूध वाईट नाही. दुधात साखर घालून ती बाटली तासन्‌तास तोंडात राहिली, की वरचे पुढचे दात त्या गोड दुधात भिजत राहतात. खालच्या दातांवर जीभ येते, वरच्यांना आडोसा नसतो. आधी हिरडीलगत खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. मग ती पिवळी होते, तपकिरी होते आणि एके दिवशी दात खडीसाखरेसारखा तुकड्यांनी पडतो. पांढऱ्या रेघेपर्यंत सगळं सावरता येतं. बाटली सोडवायची, दात पुसायचे, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून मऊ ब्रश फिरवायचा, आम्ही फ्लोराइडचा लेप लावतो. वेळ काही महिन्यांचाच असतो.

आमची तपासायची रीत अशी होती : मी गाडीत आतल्या खुर्चीपाशी, बसवराजअण्णा दाराबाहेर स्टुलावर रजिस्टर घेऊन. आत दोघांना जागा नव्हती. मी बघायची आणि मोठ्यानं सांगायची, ते लिहायचे. त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणजे मी ओरडायची.

सुमनची मुलगी खुर्चीत आली. मी बाटली काढून घेतली, ओठ उचलला आणि ओरडले, "वरचे दोन आधी आलेत! खालचे आत्ता कुठं डोकावतायत. वरच्या दोन्हींवर पांढरी रेघ!"

बाहेरचा गलबला एकदम थांबला.

मला वाटलं, पांढऱ्या रेघेचं गांभीर्य पटलं. मी आणखी चढ्या आवाजात म्हणाले, "बाटली म्हणजे काय बूच आहे का, पोरीच्या तोंडात मारून ठेवायला?" सुमननं मुलीला उचललं, पदर तिच्या तोंडावर घेतला आणि लेप न लावताच निघून गेली. बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "मामा एकच हाय न्हवं तिला?" ते मी ऐकलं. माझ्या कामाचं नव्हतं म्हणून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'बाळाच्या तोंडातलं बूच काढा'. पत्रकात उसाच्या मळ्यातल्या घरातली एक आई होती, पिवळ्या टोपणाची बाटली होती, वरचे दात आधी आलेली मुलगी होती. आळशी आयांवर चार सणसणीत वाक्यं होती. आवाज बारीक केला नव्हता. चुकलंय त्याला कळावं हीच इच्छा होती. आजूबाजूच्या पाच गावांत मी ते हातानं वाटलं.

पुढच्या महिन्यात सुमन आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रजिस्टरमध्ये तिच्या मुलीच्या नावापुढं मी दोनदा 'गैरहजर' लिहिलं आणि दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी रेघ आली. तिसऱ्या महिन्यात मी चालत मळ्यावर गेले. ऊस तुटून गेला होता, त्यामुळे रानातलं ते एकटं घर लांबूनच उघडं दिसत होतं. दारात वाळत घातलेली लहान लंगोटी होती, चूल धुमसत होती, दार आतून बंद होतं. मी हाका मारल्या. आत बाळ एकदा कुरकुरलं आणि चट्कन गप्प झालं. ते कशानं गप्प झालं हे मला कळलं.

उंबऱ्यावर मी लेपाची पुडी ठेवू शकत नव्हते, तो लेप आम्हीच लावावा लागतो. एक लहान ब्रश ठेवला आणि परत आले.

गुढीपाडवा झाल्यावर गाडी पुन्हा त्या गावात होती. दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा दुधाचा टेम्पो येऊन थांबला. तिशीतला एक माणूस उतरला, सरळ येऊन खुर्चीत बसला.

"दाढ दुखतीया," तो म्हणाला.

मी आरसा घालून बघितलं. तंबाखूनं दात रंगले होते, दाढेला मात्र काही नव्हतं. तसं सांगितलं.

"ठाव हाय," तो म्हणाला. खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक. "ह्ये माझ्या भनीबद्दल हाय का?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायचं शिकवलेलं नव्हतं.

"मग पुरं तरी लिवायचं की. ती बाटली का लावती ते कुठं लिवलंय?"

तो सुमनचा भाऊ, प्रकाश. त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्या शेजारी गाडीच्या पायरीवर बसून ऐकलं. मुलाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातं, असं आमच्या भागात म्हणतात. ते मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलं होतं, हसून सोडलं होतं, अंधश्रद्धेच्या यादीत घातलं होतं. सुमनचे आईवडील नाहीत. नवरा गोव्यात कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. सासरची माणसं गावात राहतात, ही मळ्यावर. माहेर म्हणजे हा एक भाऊ. आठव्या महिन्यात मुलीच्या वरच्या हिरडीतून दोन पांढरे ठिपके बाहेर आले, तेव्हा तिनं ते कोणालाच सांगितलं नाही. भाऊ आठवड्याला टेम्पो थांबवून घरी यायचा. तो आला की बाटली. पलीकडच्या मळ्यातली बाई आली की बाटली. हळदीकुंकवाला बाटली. मुलीनं हसू नये, तोंड उघडू नये, दात दिसू नयेत. ज्याला मी आळस म्हणाले तो तीन महिन्यांचा पहारा होता.

आणि मी ते गुपित चावडीसमोर ओरडून सांगितलं. पुन्हा छापून वाटलं.

"आता ती मला घरात येऊ देत न्हाई," प्रकाश म्हणाला. "फोन करती, येऊ नको दादा म्हणती. मी रस्त्यावर टेम्पो उभा करतो, हॉर्न मारतो. ती बांधावर येती, पोरीच्या तोंडावर पदर घालून. मग आम्ही फोनवर बोलतो. शंभर पावलांवर उभं राहून. लोक हसत्यात."

"तुम्हाला भीती वाटते?"

"मला? मी तंबाखू खाऊन घाटात टेम्पो चालवतो आक्का. मला दोन दात काय करत्यात?" त्यानं पत्रक परत घडी घालून खिशात ठेवलं. "तिला वाटती. मला काय झालं तर तिचं कोण हाय?"

या प्रश्नाला पत्रकात उत्तर नव्हतं. अंधश्रद्धा आहे, हे मी तिला शंभर वेळा सांगू शकले असते. ती घाबरली होती ते दातांना नव्हे. ती घाबरली होती जगात एकटी उरण्याला. ती भीती मला परकी नव्हती. रोज संध्याकाळी मी तिचंच कुलूप काढते.

मी म्हटलं, "चला. तुम्हीच ओठ उचला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडीत असणार होते. तरी आम्ही त्याच दिवशी मळ्यावर गेलो. प्रकाशनं टेम्पो रस्त्यावर न थांबवता थेट खळ्यात आणला. सुमन दारात आली, त्याला बघून मागं सरली, मुलीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

"दादा, तू माघारी जा."

"पाणी तरी देशील का न्हाई? चार महिनं झालं, तुझ्या घरचं पाणी प्यालो न्हाई."

"फोनवर सांगितलंय तुला."

"फोनवर पाणी पिता येत न्हाई गं."

ती रडायला लागली. तो ओट्यावर बसला आणि त्यानं हात पुढं केले. बराच वेळ ते हात तसेच होते. माझ्या नोकरीतली ती सर्वांत अवघड शांतता. शेवटी मुलीनंच निकाल लावला. मामाच्या खिशातलं पेन तिला हवं होतं, ती खांद्यावरून वाकली आणि त्याच्या अंगावर गेली. तोंडातली बाटली खाली पडली.

मी त्याला हळू सांगितलं, कसं धरायचं ते. बाळाला मांडीवर उताणं घ्यायचं, डोकं आपल्या पोटाकडं, म्हणजे ते वर आपल्याकडं बघतं आणि घाबरत नाही. करंगळीनं ओठाचा मधला भाग वर करायचा. त्यानं हात धुतले, ओठ उचलला आणि बघितलं. सुमननं डोळे मिटून घेतले होते.

दोन दात अर्धे तुटले होते. उरलेले बुंधे तपकिरी झाले होते. शेजारच्या दोन नव्या दातांवर आता तीच पांढरी रेघ होती. चावडीसमोर मी ओरडले त्या दिवशी जे सावरता आलं असतं, ते चार महिन्यांत गेलं होतं. ते चार महिने माझे होते.

"काय दिसतंय?" सुमननं डोळे न उघडता विचारलं. प्रश्न भावाला होता.

"दात," तो म्हणाला. "आन मी हाय अजून. बघ."

तिनं डोळे उघडले. त्यानं माझ्या सांगण्यावरून बोटाला फडकं गुंडाळलं आणि एकेक दात पुसला. मुलगी त्याचं बोट चावत होती.

दुसऱ्या दिवशी तोच दोघींना टेम्पोतून गाडीपाशी घेऊन आला. दोन दात कीड थांबवणाऱ्या औषधानं वाचतील, पण पडेपर्यंत काळेच दिसतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुमन माझ्याकडं बघायला लागली. जे दात ती जगापासून लपवत होती, ते आता गावात सर्वांत आधी दिसणार होते. प्रकाश म्हणाला, "लावा. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावत्यात, हिनं दाताला लावली म्हणायचं." सुमन हसली. त्या घरातलं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

जाताना मी तिची माफी मागितली. तिनं माफ केलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही वाईट न्हाईसा आक्का. पण तुम्ही लई मोठ्यांदा बोलतासा. आमच्या घरात दिवसभर कोण बोलत न्हाई. त्यामुळं मोठ्यांदा बोललेलं लई दिवस ऱ्हातं कानात."

मी आप्पांच्या वाक्याचा पुष्कळ विचार केला. त्यांचा आवाज वखारीच्या मालकापर्यंत पोचायचा असायचा, तिथं तो मोठाच हवा होता. मी तोच आवाज एका बाईवर सोडला, जिच्याभोवती शंभर पावलांत माणूस नव्हतं. पत्रकं अजून लिहिते. मिश्रीविरुद्ध, साखर घातलेल्या बाटलीविरुद्ध, दात येताना ताप-जुलाब होणारच असं म्हणून मूल दवाखान्यात न नेणाऱ्या समजुतीविरुद्धही. तिथं आवाज बारीक करणार नाही. त्यांत आता कुणाची आई नसते. तपासताना मात्र ओरडत नाही. सापडलेलं मीच कागदावर लिहिते आणि कागद बसवराजअण्णांच्या हाती देते. ते म्हणतात, "हे आधीच केलं असतं तर माझा डावा कान तरी वाचला असता."

'बूच' पत्रकाचे उरलेले गठ्ठे माझ्या अनगोळच्या खोलीत आहेत. जाळले नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवरच मी दातांच्या नोंदी लिहिते. लिहिताना कागद उलटा झाला की माझीच सणसणीत वाक्यं समोर येतात. येऊ देते.

गाडीचा मार्ग या वर्षी बदलला, त्या गावाला आता मी जात नाही. प्रकाशनं मध्यंतरी फोनवर एक फोटो पाठवला होता. मांडीवर उताणी मुलगी, आ केलेलं तोंड, दोन काळे दात, दोन पांढरे, आणि ब्रश धरलेला मामाचा हात. खाली काही लिहिलं नव्हतं. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, शेवटी पाठवलं नाही. तो फोटो मी अधूनमधून बघते.

तुम्हाला एक विनंती आहे. हा अंक बाजूला ठेवा आणि घरातल्या, शेजारच्या, भावकीतल्या एखाद्या तान्ह्या मुलाला मांडीवर घ्या. हात धुऊन त्याचा वरचा ओठ उचला, हिरडीलगत पांढरी रेघ आहे का बघा. असेल तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. वरचे दात आधी आले असतील, तर त्याच्या मामाला जेवायला बोलवा. आणि जे काही दिसेल ते खोलीभर सांगू नका. त्याच्या आईच्या शेजारी बसा, आणि हळू तिलाच सांगा.